टाच आणि गावकी

शिराळ्यात पहाटे रस्त्यावर पळणारा माणूस दिसला, तर तो एक तर भरतीचा पोरगा असतो, नाही तर एस.टी. चुकलेला प्रवासी. पन्नाशीला टेकलेला, अर्ध्या चड्डीतला, कपाळाला दिवा आणि पाठीला पाण्याची पिशवी बांधलेला गृहस्थ या दोन्हींत बसत नाही. आणि कशातच न बसणाऱ्या माणसाला आमच्याकडं तसंच पुढं जाऊ देत नाहीत. मोटारसायकल शेजारी येते, वेग कमी होतो आणि काळजीनं विचारणा होते, "काय सर, गाडी बंद पडली काय? बसा मागं, सोडतो की." नको म्हटलं की पुढचा प्रश्न दबक्या आवाजात येतो, "घरात सगळं बरं हाय न्हवं?"

एक दूधवाले तर कॅन लावलेली गाडी पहिल्या गिअरवर ठेवून कितीतरी वेळ माझ्या बाजूनं येत राहिले. मला असल्या अवस्थेत एकट्याला सोडून जाणं त्यांच्या मनाला पटेना. शेवटी दूध नासेल म्हणून मीच थांबलो आणि मागं बसलो. त्या दिवशी हातातल्या घड्याळानं माझा जो वेग नोंदवला, त्याबद्दल साताऱ्याच्या पळणाऱ्या मित्रांचे अभिनंदनाचे निरोप दिवसभर येत होते.

भरतीची पोरं आदबशीर. पोलिस भरतीत पुरुषांना 1600 मीटर पळावं लागतं. म्हणजे त्यापुढं पळणं ही सरकारनंसुद्धा न मागितलेली गोष्ट. मी मोरणा धरणाकडून घामाघूम परत येताना त्यांचं पळणं, जोर-बैठका, अंघोळ सगळं उरकलेलं असायचं. त्यातल्या एकानं धीर करून विचारलं, "सर, तुमच्या भरतीत वयाची अट किती हाय?" अट नाही म्हटल्यावर त्याला माझा हेवा वाटला. माझ्या पळण्याचा कुणाला हेवा वाटल्याचं तेवढंच आठवतं.

अल्ट्रा म्हणजे काय, हे मी वारणेकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर समजावून सांगायला बसलो. मॅरेथॉन 42 किलोमीटर 195 मीटरची. त्याच्यापुढं जे काही लांब ते अल्ट्रा. डांबर सोडून डोंगरातल्या पायवाटेनं पळायचं असेल तर ती डोंगरी अल्ट्रा. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांच्या मध्ये 1921 साली सुरू झालेली कॉम्रेड्स नावाची शर्यत आहे, सुमारे 90 किलोमीटरची. बारा तास संपले की दार बंद. रेषा दोन पावलांवर असली तरी बाद.

"पीटरमॅरित्झबर्ग म्हंजे गांधीजींना आगगाडीतनं उतरवलं तेच का?" एक निवृत्त गुरुजी बशीतनं मान वर करत म्हणाले. होय, 1893 साली, तेच स्टेशन.

"मग बरोबर. तवापास्नं तिथली लोकं गाडीच्या भरवशावर ऱ्हात नसतील."

मी आल्प्सवर गेलो. माँ ब्लां पर्वताला फेरी मारणारी शर्यत 2003 पासून होते. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, 170 किलोमीटर आणि सगळा मिळून 10,000 मीटरच्या आसपास चढ. मग जवळ आलो. आपल्याकडंही सिंहगड-राजगड-तोरणा अशी शर्यत होते, तिचं मोठं अंतर 100 किलोमीटर. आणि सातारची हिल मॅरेथॉन तर घरचीच. 2012 साली सुरू झाली, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा. 2015 साली 2,618 माणसं तो घाट पळाली म्हणून गिनीजमध्ये नाव लागलं. ती आहे 21 किलोमीटरचीच, पण आमच्या भागातल्या बहुतेकांना हा रोग तिथूनच जडतो.

"बक्षीस काय?" टपरीवाल्यानं मुद्द्याला हात घातला.

"मेडल. आणि पैसे आपण भरायचे."

कुणी काही बोललं नाही. बिस्किटाचा तुकडा चहात पडलेला ऐकू आला. खरेपणाच्या भरात मी आणखी एक गोष्ट सांगून टाकली. असल्या शर्यतीत तीव्र चढावर चांगले चांगले लोकही पळत नाहीत, गुडघ्यावर हात ठेवून चालतात. त्यात शहाणपणच आहे, कारण चढावर पळून जेवढी दमछाक होते तेवढा वेळ वाचत नाही.

"म्हंजे पैसं भरून डोंगर चालत चढायचा," टपरीवाला म्हणाला. "आमची म्हातारी गुढ्याच्या पठारावर फुकाट जाती."

अशा वेळी आमच्या भागातला माणूस इतिहास काढतो. मीही काढला. वारणा ओलांडली की पन्हाळा. 12 जुलै 1660 ची रात्र, ऐन आषाढ, वरून पाऊस, खाली चिखल. पन्नास-साठ किलोमीटरची जंगलवाट तुडवत, महाराजांची पालखी घेऊन बांदलांचे सहाशे मावळे विशाळगडाकडं पळत निघाले. याहून मोठी डोंगरी अल्ट्रा जगात कुठं झाली असेल तर सांगा. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात तालमीचे वस्ताद बसले होते, त्यांनी मात्र डोलावली नाही.

"त्यांच्या मागं सिद्दी मसूदचं घोडदळ होतं," वस्ताद म्हणाले. "तुमच्या मागं कोण लागलंय?"

सगळी टपरी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "शुगर."

यावर कुणाची हरकत निघाली नाही. उसाच्या पट्ट्यात हा गनीम घराघरांत येऊन बसलेला आहे. दोघांनी समोरचा चहा बिनसाखरेचा करायला सांगितला आणि मला पळायची परवानगी मिळाली.

सरावाला शिराळ्यासारखं गाव नाही, हे मी पुण्याच्या माणसांना नेहमी सांगतो. ते फक्त नागपंचमीला आमचं नाव घेतात. इथल्या मारुतीची स्थापना समर्थ रामदासांनी केली, अकरा मारुतींपैकी हा एक. पळणाऱ्या माणसाला याहून योग्य दैवत मिळणार नाही. रात्रीतून द्रोणागिरी गाठून, औषधी ओळखू येईना म्हणून अख्खा डोंगर उचलून, उजाडायच्या आत परत. वाटेत पाण्याची सोय नाही, आणि परतीला डोंगराचं ओझं. चाफळ, मसूर, उंब्रज, बहे असे अकराच्या अकरा मारुती एका दमात पळत करायचे, असा बेत मी नकाशावर बरेचदा आखलेला आहे. नकाशावर तो छान दिसतो.

दुसरी जागा म्हणजे गुढे-पाचगणीचं पठार. पाचगणी म्हटलं की शहरातले लोक स्ट्रॉबेरीचा भाव विचारतात. आमच्या पाचगणीत स्ट्रॉबेरी नाही, पवनचक्क्या आहेत, आणि त्या उगाच उभारलेल्या नाहीत. वारा समोरून असला की आपण पळतोय का उभे आहोत, हे घड्याळात बघून ठरवावं लागतं. त्याच्या पलीकडं चांदोली. 2004 सालापासून राष्ट्रीय उद्यान आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथं परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि पळत तर नाहीच. पण बिबट्याला परवाना लागत नसल्यामुळं तो तिथून निघून आमच्या उसात राहायला आलेला आहे. त्यामुळं पहाटे उसाच्या कडेचा पट्टा मी जरा जास्तच वेगात पळतो. मार्गदर्शकांच्या पुस्तकात याला मधूनमधून वेग वाढवण्याचा सराव म्हणतात.

खाण्याचंही तेच. शर्यतीत तासा-तासाला तोंडात पिळायची साखरेच्या चिकाची पाकिटं मिळतात. चव घेतली आणि गुऱ्हाळावर जाऊन काकवीची बाटली भरून आणली. उन्हात ती पाठीवर फुटली, त्यानंतरचे दोन-तीन किलोमीटर मुंग्या, माश्या आणि एक कुत्रं यांच्यासह पूर्ण केले. मात्र ताकद आली.

आणि मग टाच धरली.

पडलो नाही, पाय मुरगळला नाही, खड्डा लागला नाही. एका सकाळी पलंगावरून उतरलो आणि उजव्या टाचेच्या मागची जाड शीर म्हणाली, आज नाही. पोटरीला टाचेशी बांधणारी ही शरीरातली सगळ्यांत दणकट शीर. पळताना अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार तिच्यावर येतो. पण तिला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ती दुखावते सावकाश आणि बरी होते त्याहून सावकाश. पंचविशीत माणूस लंगडतो तो काहीतरी झाल्यामुळं. पन्नाशीत काही व्हावंच लागत नाही.

गावाला नेमकं हेच पचलं नाही. लंगडणाऱ्या माणसाकडं गोष्ट असायला पाहिजे. "पडलासा कुठं?" नाही. "गाडीवरनं?" नाही. "मग असं कसं?" असंच. समोरच्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव यायचा. शेवटी एकाच्या समाधानासाठी सांगितलं की पठारावरून उतरताना गवा आडवा आला आणि मी बाजूला उडी मारली. दुपारपर्यंत गव्याचा कळप झाला. संध्याकाळी कोकरूडहून मेव्हण्याचा फोन आला तोवर कळपाचा बिबट्या झाला होता आणि त्यानं माझी टाच तोंडात धरलेली होती. वन्यप्राण्याच्या हल्ल्याची भरपाई मिळते, पंचनामा लगेच करून घ्या, असा सल्ला देणारे चौघे भेटले.

यातून मला एक गोष्ट उमगत गेली. मी पळत होतो तोवर गावाला माझ्याशी बोलायला काही नव्हतं. हा छंद त्यांच्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता. पण दुखरी टाच? ती सगळ्यांची. ज्या माणसानं वर्षानुवर्षं मला नुसता हात केला, तो आता गाडी उभी करून, खाली उतरून, पायमोजा काढायला लावून शीर दाबून बघतो आणि "आमच्या थोरल्याला हितंच हुतं" म्हणतो. लंगडायला लागलो आणि शिराळकर झालो.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि बर्फ लावायला सांगितला. घरी आत्यानं बर्फ बघितला आणि कपाळाला हात लावला. "सुजलेल्या पायाला गार? शेक दे, वाळू तापव." घरात दोन पक्ष पडले. सकाळी बर्फ, संध्याकाळी तापलेल्या वाळूची पुरचुंडी. बर्फाचा मूळ पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकेतले गेब मिर्किन नावाचे डॉक्टर. 1978 साली त्यांनी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं असं चौपदरी सूत्र सांगितलं, ते जगभर चाललं. साडेतीन दशकांनी त्याच डॉक्टरांनी जाहीर केलं की बर्फानं भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. हे मी आत्याला सांगायला नको होतं. तिनं ते मंगळागौरीला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरानं तिची माफी मागितली असा त्याचा अर्थ तालुकाभर गेला.

आंबेहळद झाली, रक्तबोळ झाला, निर्गुडीचा पाला बांधून झाला. वस्तादांनी तालमीत बोलावून तेल लावून पोटरी अशी रगडली की टाच दुखायची विसरली, कारण बाकीचं सगळंच दुखायला लागलं. नंतर पाय घोट्यापर्यंत हौद्यातल्या लाल मातीत पुरून ठेवला. त्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू सगळं मुरलेलं असतं, "ह्यात हाड जुळतं, शीर काय घेऊन बसलाय." भरतीची पोरं तिथंच व्यायामाला येतात. हौद्यात एका पायानं लावलेला मास्तर बघून त्यांनी बैठका मारल्या त्या दुसरीकडं तोंड करून.

मग पायाळूचा शोध सुरू झाला. जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसानं उसण भरलेल्या जागी पाय लावला की उसण जाते, ही समजूत आमच्याकडं अजून पक्की आहे. अडचण पुरवठ्याची. हल्ली बाळ उलटं असलं की ऑपरेशन करून काढतात, त्यामुळं नवे पायाळू तयार व्हायचे जवळजवळ थांबले आहेत. तालुक्यात जे शिल्लक आहेत ते साठीच्या पुढचे. आमच्या वाट्याला एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आले. पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ निरखून, ढग नसलेला दिवस धरून ते आले. त्यांचा स्वतःचा गुडघा गेलेला. पाय माझ्या टाचेपर्यंत उचलेना. शेवटी मीच अंगणात पालथा पडलो, दोघांनी त्यांना काखेत धरलं आणि विधी पार पडला. जाताना त्यांनी माझ्याकडं गुडघ्यासाठी चांगला डॉक्टर विचारला.

बायको हे सगळं शांतपणे बघत होती. एका रात्री बारामतीच्या लता करे यांचा विषय निघाला. उतारवयात, अनवाणी आणि नऊवारी लुगड्यात शर्यत पळून त्यांनी ती जिंकली, नवऱ्याच्या आजारपणाच्या खर्चासाठी. त्यांच्यावर पुढं सिनेमाही निघाला. मी भारावून सांगत होतो. बायको म्हणाली, "तिथं बायको पळाली आणि नवऱ्याचं औषधपाणी झालं. इथं नवरा पळतोय आणि औषधपाणी बायको करतीय." तिनं वाळूची पुरचुंडी पायावर ठेवली. जरा जास्त तापलेली होती.

पळणं बंद असलेल्या माणसाचे हाल वेगळे असतात. साताऱ्याच्या गटात रोज कुणीतरी कासच्या रस्त्यावरचा सूर्योदय टाकतो. आपण अंगठा वर करतो आणि त्याचंही काहीतरी दुखावं अशी बारीक इच्छा मनात येऊन जाते. हातातलं घड्याळ तर निष्ठुर. आठवडाभरानं त्यानं "सराव कमी होत चालला आहे" असं कळवलं. पंधरवड्यानं माझ्या अंगाचं वय सांगितलं, ते वडिलांचं होतं.

अशात एका स्वीडिश डॉक्टरची हकिगत वाचनात आली आणि मी उठून बसलो. हाकान अल्फ्रेडसन हे हाडांचे सर्जन. पळणारा माणूस, माझ्यासारखीच टाचेमागची शीर दुखावलेली. साहेबाला म्हणाले, माझं ऑपरेशन करा. साहेब नाही म्हणाला, एवढ्यासाठी रजा कुठली द्यायची. तेव्हा यांनी ठरवलं की शीर तोडूनच टाकायची, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेला चवडे टेकून, टाच हवेत ठेवून, अंगाचा सगळा भार टाकत ती खाली सोडायची, दुखलं तरी सोडायची, रोज. शीर तुटायची तर राहिलीच, बरी झाली. मग त्यांनी तोच प्रयोग मध्यमवयाच्या पंधरा हौशी पळणाऱ्यांवर केला, 12 आठवडे, गुडघा ताठ ठेवून आणि वाकवून, दिवसाला 180 वेळा. पंधराच्या पंधरा पुन्हा पळायला लागले. हा निबंध 1998 साली छापून आला आणि आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट हाच व्यायाम थोड्याफार फरकानं देतात. दुखणं कमी झालं की पाठीवर वजन घेऊन करायचा.

हे शास्त्र आहे. पण मला त्यात वस्तादच दिसले. दुखतंय तिथंच जोर लावायचा, हे तालमीत ते कधीपासून सांगतायत. मी हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि त्या साहेबाचं काय झालं?" ते निबंधात नव्हतं.

व्यायाम सुरू केला. घराच्या पायऱ्या गुळगुळीत, म्हणून चौकाजवळच्या एका जुन्या कट्ट्याची पायरी निवडली. भिंतीकडं तोंड, दोन्ही हात भिंतीला, टाचा बाहेर लोंबकळत. पाठीवरच्या पिशवीत वजन म्हणून गुळाची पाच किलोची ढेप. दोन-चार दिवसांनी टपरीवाला येऊन शेजारी उभा राहिला. दिवसभर उभं राहून त्याचीही टाच सकाळी जमिनीवर टेकत नव्हती, कधी बोलला नव्हता. मग गुरुजी आले. त्यांचं टाचेचं नव्हतं, कमरेचं होतं, पण सगळे उभे आहेत तर आपण का बसा. दूधवाले कॅन खाली ठेवून रांगेत लागले. आठवड्याच्या शेवटी वस्ताद आले, इकडं-तिकडं बघितलं आणि काही न बोलता टोकाला उभे राहिले. त्यांची डावी टाच चार वर्षं दुखत होती. तालमीच्या इभ्रतीपायी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

गुळाच्या ढेपा आता टपरीतच ठेवतो, म्हणजे रोज वाहून न्यायला नकोत. त्यांचा आकार दिवसेंदिवस कमी होतोय आणि टपरीवाला उंदरांवर आळ घेतो. मी हळूहळू पळायला लागलो आहे, सध्या भरतीच्या मापात, 1600 मीटर. पोरांनी मला त्यांच्यात घेतलं आहे, शिट्टी माझ्याकडं असते.

परवा सकाळी आम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून, हात टेकून, टाचा वरखाली करत असताना इस्लामपूरकडं जाणारी एस.टी. चौकात थांबली. खिडकीतून एका पाव्हण्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय ओ, कसलं आंदोलन?"

वस्ताद मागं न बघता म्हणाले, "टाचेचं."

"मागण्या काय हायत?"

"अजून लिहून काढायच्यात. गुरुजींचं एकशेवीस झालंय, साठ ऱ्हायल्यात."